एक भिंत, दोन फ्लॅश: १९६१ चं मुखपृष्ठ २०१५ च्या पडद्यावर

अमेरिकेच्या 'द सीडब्ल्यू' वाहिनीवरच्या 'द फ्लॅश' मालिकेच्या दुसऱ्या हंगामातला दुसरा भाग १३ ऑक्टोबर २०१५ रोजी दाखवला गेला. भागाचं नाव होतं 'फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्स'. जुने कॉमिक्स वाचणाऱ्यांनी ते नाव ऐकताच ओळखलं, कारण डीसी कॉमिक्सच्या 'द फ्लॅश' या मासिकाच्या १२३ व्या अंकातली कथा याच नावाची होती. त्या अंकावर सप्टेंबर १९६१ ही तारीख आहे आणि किंमत दहा सेंट. भागाच्या उत्तरार्धात एक चौकट येते: मधोमध भिंत, एका बाजूने बॅरी ॲलन, दुसऱ्या बाजूने जे गॅरिक, म्हणजे फ्लॅश हे नाव घेणारे अफाट वेगाचे दोन नायक, आणि दोघेही आपल्या दिशेने धावताहेत. त्या अंकाचं मुखपृष्ठच पडद्यावर उतरवलं होतं. चौकट क्षणभरच टिकते, पण मुखपृष्ठ पडद्यावर आणताना काय हाती लागतं आणि काय निसटतं, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसतं. (इंद्रजाल कॉमिक्समुळे आठवणारा फ्लॅश गॉर्डन तो वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.)

मूळ चित्रात काय आहे

पेन्सिलीचं रेखाटन कार्माइन इन्फँटिनो यांचं, त्यावरची शाई मर्फी अँडरसन यांची. आतली कथा गार्डनर फॉक्स यांची आणि संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. फॉक्स यांचं नाव इथे विशेष महत्त्वाचं आहे, कारण पहिला फ्लॅश, म्हणजे जे गॅरिक, त्यांनीच चित्रकार हॅरी लॅम्पर्ट यांच्यासोबत जानेवारी १९४० च्या 'फ्लॅश कॉमिक्स' क्रमांक १ मध्ये आणला होता. ते मासिक १९४९ मध्ये बंद पडलं. १९५६ मध्ये डीसीच्या 'शोकेस' मासिकाच्या चौथ्या अंकात नवा फ्लॅश आला, बॅरी ॲलन. त्याच्या लेखी जे गॅरिक हे लहानपणी वाचलेल्या कॉमिक्समधलं पात्र होतं. १२३ व्या अंकात बॅरी दोरीची करामत दाखवताना इतक्या वेगाने कंप पावतो की थेट दुसऱ्या पृथ्वीवर जाऊन पोचतो, आणि तिथे तो जे गॅरिक खराखुरा हाडामांसाचा भेटतो. डीसीची पुढची सगळी 'अनेक पृथ्वी'ची मांडणी या कथेतून वाढली.

हा सगळा गुंता मुखपृष्ठाला एका नजरेत सांगायचा होता. इन्फँटिनो यांनी तो असा सोडवला: खाली, पुढे, एक माणूस संकटात, त्याच्या अंगावर पोलादी गर्डर कोसळतोय. मागे मधोमध विटांची भिंत. भिंतीच्या दोन्ही अंगांनी दोन फ्लॅश त्याच माणसाला वाचवायला धावताहेत. भिंतीमुळे त्यांना एकमेकांचा पत्ता नाही. पत्ता आहे तो फक्त आपल्याला. चित्राची सगळी ताकद यातच आहे. गर्डर, माणूस, धावण्याचा आवेश हे शेकडो मुखपृष्ठांवर सापडतं; दोघांचं एकमेकांविषयीचं अज्ञान आणि वाचकाला असलेलं ज्ञान ही जोडी इथेच आहे. भिंत ही बांधकामाची भिंत म्हणून काढलेली नाहीच. तो दोन विश्वांमधला पडदा आहे आणि विटा त्याला फक्त दिसण्यापुरत्या दिल्या आहेत.

श्वार्ट्झ यांच्या संपादनाखाली बऱ्याचदा मुखपृष्ठ आधी ठरे आणि कथा त्याला बेतून लिहिली जाई. म्हणजे ही चित्रं कथेतल्या प्रसंगाचं छायाचित्र म्हणून केलेलीच नसत. ती कोडी असत, मासिकांच्या स्टँडसमोर उभ्या मुलाने दहा सेंट काढावेत म्हणून घातलेली. मालिकेचं मात्र उलट असतं. तिथे चौकट कुठल्यातरी प्रसंगात बसावी लागते, आधी काय झालं आणि नंतर काय होणार याच्या मध्ये. नक्कल करणाऱ्यांची पहिली अडचण इथेच उभी राहते, कॅमेऱ्याचा विचार त्यानंतरचा.

मालिकेतला प्रसंग

आदल्या भागाच्या शेवटी जे गॅरिक (भूमिका टेडी सीअर्स) बॅरीच्या चमूच्या प्रयोगशाळेत, स्टार लॅब्समध्ये, येतो आणि तुमचं जग धोक्यात आहे असं सांगतो. या भागात बॅरी (ग्रँट गस्टिन) आधी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. चमूतले शास्त्रज्ञ प्राध्यापक स्टाइन अनेक पृथ्वींची कल्पना समजावून सांगतात. वाळूचं शरीर धारण करू शकणारा 'सँड डेमन' पोलीस अधिकारी पॅटी स्पिव्हटला ओलीस धरतो, आणि शेवटी बॅरी व जे मिळून तिला सोडवायला जातात. विजेचा झोत फेकायचं तंत्र जेने बॅरीला शिकवलेलं असतं. त्या झोताने वाळूची काच होते. भिंतीची चौकट या सुटकेच्या धावेत आहे.

आता मूळ चित्राशी जुळवून पाहा. गर्डरखालच्या माणसाची जागा पॅटीने घेतली, हे ठीक. दोन फ्लॅश, दोन पोशाख, मध्ये भिंत, धावण्याची दिशा, सगळं जुळतं. पण इथले दोघे एकत्र बेत ठरवून आले आहेत. भिंतीपलीकडे कोण आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. भिंत दोन विश्वांमध्ये नाही, एकाच इमारतीत आहे. मांडणी शंभर टक्के उतरली आणि कोडं शून्य टक्के. ज्याने मूळ अंक पाहिलेला नाही, त्याला ही चौकट म्हणजे 'दोघे दोन बाजूंनी आत शिरले' एवढंच सांगते.

आमच्या मते हा दोष नाही, पण ती निवड आहे हे ओळखलं पाहिजे. कोडं शिल्लक ठेवायचं असतं तर ही चौकट भागाच्या सुरुवातीला, बॅरीला जे गॅरिक भेटण्याआधी यायला हवी होती. आणि आदल्या भागाचा शेवट जेच्या प्रवेशाने झाल्यामुळे ती वाट आधीच बंद झाली होती. लेखकांनी मुखपृष्ठाचा उपयोग रहस्यासाठी न करता मोहोर उमटवण्यासाठी केला: आतापासून हे दोघे एका बाजूला.

उभं चित्र, आडवा पडदा

आता हत्यारांकडे येऊ. पुढचे आकडे कुठल्याही चमूला असा शॉट उभा करताना लागणारे आहेत. 'द फ्लॅश'च्या चमूने सेटवर नेमकं हेच केलं असा दावा नाही.

त्या काळचं अमेरिकन कॉमिक साधारण सव्वासात इंच रुंद आणि सव्वादहा इंच उंच. टीव्हीचा पडदा १६:९. मुखपृष्ठ पूर्ण उंचीने १९२० × १०८० च्या चौकटीत बसवलं तर त्याची रुंदी ७६४ पिक्सेल येते, म्हणजे पडद्याच्या सुमारे ४० टक्के. उरलेले ६० टक्के रिकामे. पण मुखपृष्ठाच्या वरच्या भागात मासिकाचं नाव, प्रकाशकाचं चिन्ह, किंमत आणि कॉमिक्स कोडचा (मजकूर तपासून मंजूर केल्याचा) शिक्का असे. चित्रकार ती जागा सोडूनच रचना करतो. वरचा चौथा हिस्सा वजा केला की चित्र जवळजवळ चौरस उरतं आणि पडद्याची निम्म्याहून थोडी अधिक रुंदी व्यापतं. म्हणून जुळवणी करताना संपूर्ण मुखपृष्ठ चौकटीवर ठेवू नये, मथळ्याखालचा भाग ठेवावा. नाहीतर पात्रांच्या डोक्यावर अकारण मोकळी जागा राहते आणि कशामुळे खटकतंय ते कुणाला सांगता येत नाही.

दोन्ही बाजूंना उरलेली जागा भरायला धावणाऱ्यांना कडेला ढकलणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट युक्ती. दोघे लांब गेले की भिंत मधली साधी रेघ होते आणि 'एकाच माणसाकडे धावणारे दोघे' हा त्रिकोण मोडतो. त्याऐवजी दोघांना मधल्या निम्म्या भागात ठेवावं आणि बाहेरच्या पट्ट्यांत खांब, यंत्रं, पाइप असं काहीतरी अंधारात सोडावं. कोठार किंवा पडीक कारखाना अशा दृश्यांना सोयीचा पडतो तो यामुळेही.

भिंतीचं भूमिती-प्रकरण

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कागदावर चित्रकार भिंतीची कड आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या विटा एकाच वेळी दाखवू शकतो. खरा कॅमेरा भिंतीच्या नेमका समोर, तिच्याच रेषेत ठेवला तर सरळ भिंतीची फक्त पुढची कड दिसते. बाजू दिसत नाहीत, कारण दूर जाणारी भिंत जवळच्या कडेमागे लपते.

सिनेमाच्या कॅमेऱ्यांतल्या सुपर ३५ या मापाच्या सेन्सरची रुंदी जवळपास २५ मिमी. त्यावर २५ मिमीची लेन्स लावली की हिशेब सोपा होतो: कॅमेऱ्यापासून जितकं अंतर, तितकीच चौकटीत मावणारी रुंदी. नऊ इंची, म्हणजे २३ सेंमी जाडीची भिंत ३ मीटरवर असेल तर चौकटीचा ७ ते ८ टक्के भाग व्यापते. ती खांबासारखी दिसते. कॅमेरा १ मीटरवर आणला तर २३ टक्के व्यापते, पण मग मागून धावत येणारे दोघे फार लहान वाटतात.

यावर सेट बांधणाऱ्यांचा जुना उपाय म्हणजे पाचरीसारखी भिंत: पुढे अरुंद, मागे रुंद. पुढची कड ३ मीटरवर १० सेंमी आणि मागचं टोक ६ मीटरवर असेल, तर मागची जाडी २० सेंमीपेक्षा जास्त झाली की बाजू दिसू लागतात. मागे ६० सेंमी ठेवली तर पुढची कड आणि दोन्ही बाजू प्रत्येकी साधारण सव्वातीन टक्के चौकट घेतात. मागे १ मीटर केली तर बाजू दुप्पट, म्हणजे प्रत्येकी साडेसहा-सात टक्के दिसतात, आणि विटा वाचता येतात. यापुढे गेलं तर भिंत कोपऱ्यावरच्या खोलीसारखी वाटू लागते. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या वीट-पॅनेलने ती बांधायची असेल तर पुढच्या कडेवर विटांची डोकी दाखवायला विसरू नये. तिथे उभा सांधा दिसला की भिंत पोकळ आहे हे लगेच कळतं. आणि कॅमेरा मध्यरेषेपासून जराही सरकला तर एक बाजू लोप पावते, म्हणून ट्रॉलीवर हलता शॉट घ्यायचा असेल तर रूळ भिंतीच्या रेषेतच टाकावे लागतात.

दुसरी वाट: कॅमेरा पक्का बांधून दोन्ही बाजू वेगवेगळ्या चित्रित करायच्या आणि जोड भिंतीच्या कडेत लपवायचा. याचा मोठा फायदा म्हणजे दोन्ही नट एकाच वेळी बरोबर पडायची गरज उरत नाही. तोटा प्रकाशाचा. वेगाची वीज नंतर संगणकावर चढवली जाते, पण तिचा उजेड नटाच्या अंगावर आणि विटांवर चित्रीकरणाच्या वेळीच पडलेला असला तर पटतो. डावीकडचा दिवा उजवीकडच्या भिंतीवर सांडला की डोळ्याला लगेच कळतं की मध्ये भिंत नाहीच. दोन्ही बाजूंचे दिवे काळ्या फळ्यांनी अडवावे लागतात आणि चढवलेली वीज भिंतीच्या कडेवर कापावी लागते. मूळ चित्रातली भिंत आवाजाचा आणि नजरेचा अडसर होती. इथे निदान उजेडाचा अडसर तरी राहू द्यावा.

धावणं गोठवायचं कसं

मुखपृष्ठावर दोघांचे पाय ताणलेले आहेत, एक पाऊल हवेत. खऱ्या धावण्यात ही मुद्रा फार थोडा वेळ टिकते. जोरात धावणारा माणूस सेकंदाला चारेक पावलं टाकतो, म्हणजे २४ फ्रेमच्या वेगात एका पावलाला सहा फ्रेम. त्यातली हवी ती मुद्रा एखाद-दोन फ्रेमच, आणि दोघांची एकाच वेळी येणं म्हणजे नशीब.

९६ फ्रेमने चित्रित केलं तर एका पावलाला २४ फ्रेम मिळतात, म्हणजे पडद्यावर पूर्ण सेकंद. याच वेळी धूसरपणाही आटोक्यात येतो. १८० अंशाच्या, म्हणजे फ्रेमचा निम्मा वेळ उघडं राहणाऱ्या, शटरला २४ फ्रेमवर उघडझाप १/४८ सेकंदाची. १० मीटर प्रतिसेकंद वेगाने हलणारा हात तेवढ्या वेळात २१ सेंमी सरकतो. ९६ फ्रेमवर तो ५ सेंमीच सरकतो आणि बोटं दिसतात. किंमत म्हणजे चौपट उजेड, छायाचित्रकारांच्या भाषेत दोन स्टॉप. रात्रीच्या प्रसंगात हा खर्च अंगावर येतो.

सगळा शॉट संथ ठेवणं चूक. फ्लॅशचा वेग आधी जाणवला पाहिजे: पहिली पावलं नेहमीच्या वेगात, मुद्रेपाशी गती उतरवायची, पुन्हा वेगात सोडायचं. ओळख पटायला बारा-पंधरा फ्रेम पुरतात. त्याहून जास्त थांबलं तर मालिका 'बघा, आम्ही अंक वाचलाय' असं म्हणत कोपर मारल्यासारखी वाटते. पावलं जुळवताना दोघे हुबेहूब एका ठेक्यात नसावेत. आरशातलं प्रतिबिंब वाटलं की दोन माणसं उरत नाहीत. डावं-उजवं उलट, आणि एकाचं पाऊल दोन-तीन फ्रेमने मागे, एवढा फरक पुरे.

लेन्सचा आणखी एक परिणाम इथे दिसतो. २५ मिमीवर नट ६ मीटरवरून ४ मीटरवर आला की दीडपट मोठा होतो. ५० मिमी लेन्स लावून कॅमेरा ३ मीटर मागे नेला तर तेवढ्याच धावेत, ९ वरून ७ मीटरवर, तो सव्वापटीहून थोडा अधिक वाढतो. लांब लेन्सवर मांडणी चित्राच्या जवळ जाते, पण धावणं मंदावल्यासारखं भासतं. वेग हेच ज्याचं बळ, त्याच्याबाबत हा सौदा सहसा तोट्याचा.

शिरस्त्राण, रंग, फुगे

जेचं पंखांचं धातूचं शिरस्त्राण कागदावर कधी हलत नाही. प्रत्यक्षात हनुवटीला पट्टा नसलेली अशी टोपी धावताना उड्या मारते, म्हणून आत मापाचा फोम आणि चिकट पट्टी लागते. तिच्या कडेची सावली वरच्या दिव्याखाली थेट डोळ्यांवर पडते. जेला मुखवटा नाही (कॉमिक्समध्ये तो ओळख लपवायला चेहरा कंप पावत ठेवतो), त्यामुळे त्याचे डोळे गेले की पात्रच गेलं. समोरून, छातीच्या उंचीवरून हलका उजेड द्यावा. बॅरीच्या डोक्यालगत बसणाऱ्या मुखवट्याला ही अडचण येत नाही, पण त्याचा पोशाख जवळजवळ मरून रंगाचं चामडं आहे आणि अंधाऱ्या विटांपुढे ते विरघळतं. मागून कडेला उजेड दिल्याशिवाय त्याची आकृती सुटत नाही.

१९६१ च्या छपाईतला लाल रंग सपाट आणि भडक होता, कारण तो दहा फुटांवरून दिसायचा होता. मालिकेने ते रंग उतरवले, आणि उतरवायलाच हवे होते. खऱ्या चेहऱ्याशेजारी तो लाल खेळण्यातला वाटतो. मग ओळख आकृतीवर अवलंबून राहते: एकीकडे शिरस्त्राण, दुसरीकडे कानांवरची विजेची चिन्हं. दोन्ही बाह्यरेषा काळ्या-पांढऱ्यात पाहून वेगळ्या कळतात का, ही चाचणी सेटवरच्या मॉनिटरवर दहा सेकंदांत होते.

मुखपृष्ठावरचे बोलण्याचे फुगे पडद्यावर येत नाहीत. दोन नटांना एकदम ओरडायला लावलं तर विनोद होतो. ते काम ध्वनीकडे द्यावं: एकाची पावलं डाव्या स्पीकरमध्ये, दुसऱ्याची उजव्या, आणि मधला स्पीकर फक्त संकटातल्या माणसाचा. डोळ्यांना दिसणारी भिंत कानांनाही जाणवते, आणि त्यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही.

शेजारचं एक उदाहरण

'सुपरमॅन अँड लोइस' या मालिकेचा पहिला भाग २३ फेब्रुवारी २०२१ चा. त्याच्या आरंभीच सुपरमॅन हिरवी गाडी उचलतो. मूळ आधार जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १ चं, जो शुस्टर यांनी काढलेलं मुखपृष्ठ. तिथे त्यांनी मांडणी सैल केली आणि अर्थ उलटा फिरवला. १९३८ च्या चित्रात गाडी खडकावर आदळतेय आणि माणसं जीव घेऊन पळताहेत. हा नवा प्राणी भला की बुरा हे न कळण्यातच मजा होती. २०२१ मध्ये तीच गाडी उचलणं म्हणजे बचाव, आणि पोशाखाचं कौतुक करणाऱ्या मुलाला सुपरमॅन सांगतो की हा आईने शिवलाय. चौकट कमी जुळते, पण पुढचा संवाद तिला काम देतो. 'द फ्लॅश'च्या चौकटीला त्या क्षणी असं काम मिळालेलं नाही.

दोन्हीकडे हक्कांचा प्रश्न मात्र घरातल्या घरात सुटला. डीसी आणि या मालिकांची निर्मिती करणारी वॉर्नर ब्रदर्स टेलिव्हिजन एकाच समूहातल्या. बाहेरच्या निर्मात्याला मुखपृष्ठ ही पात्रांहून वेगळी कलाकृती धरून परवानगी मागावी लागते. पात्राचा हक्क घेतला म्हणजे चित्राच्या मांडणीचाही मिळाला असं गृहीत धरणं महागात पडतं.

नंतर काय झालं

'द फ्लॅश'च्या चौकटीला काम मिळालं, पण काही महिन्यांनी. दुसऱ्या हंगामाच्या उत्तरार्धात उघड झालं की आपण जे गॅरिक समजत होतो तो हंटर झोलोमन, म्हणजेच त्या हंगामाचा खलनायक झूम. ही माहिती घेऊन ऑक्टोबर २०१५ ची चौकट पुन्हा पाहिली की भिंत पुन्हा अडसर होते. बॅरीला पलीकडे खरं कोण धावतंय ते माहीत नाही. दुसऱ्याला सगळं माहीत आहे. १९६१ मध्ये अज्ञान दोन्हीकडे होतं. इथे ते एकाच बाजूला आहे, आणि पहिल्यांदा पाहताना प्रेक्षकही त्याच बाजूला उभा असतो. हे आधीपासून ठरवून केलं की हंगाम लिहिता लिहिता जमून आलं, यावर चौकटीचं मूल्य अवलंबून नाही.

खरा जे गॅरिक हंगामाच्या शेवटच्या भागात, २४ मे २०१६ रोजी, झूमच्या कैदेतून सुटतो. ती भूमिका जॉन वेस्ली शिप यांच्याकडे होती, ज्यांनी १९९० च्या मालिकेत बॅरी ॲलन साकारला होता. पंखांचं शिरस्त्राण त्यांच्याकडे गेलं.